यंदाची

लेबलवरचं झाड दरवर्षी बदलायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीची नाताळची बिअर नोव्हेंबर उजाडला की दुकानात यायची, जानेवारीच्या मध्यावर दिसेनाशी व्हायची आणि पुढच्या नोव्हेंबरात यायची ती दुसऱ्याच झाडाखाली. १९७५ सालच्या पहिल्या बाटलीवर जायंट सिकोया होता, कॅलिफोर्नियातला तो अवाढव्य वृक्ष. जिम स्टिट नावाच्या चित्रकाराने चार दशकांहून अधिक काळ ही झाडं हाताने काढली. झाड बदललं म्हणजे आतली कृतीही बदलली असं समजायचं. नेमकं काय बदललं ते मात्र कुणी सांगायचं नाही. बाटलीवर मसाल्यांची यादी नसे, आणि ब्रुअरीत विचारलं तर लोक हसून दुसरं काहीतरी बोलायला लागत.

बे एरियात राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी ही बाटली उचलली ती त्या झाडासाठीच. बिअरमधलं मला काही कळत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात बिअर ही केसांना चकाकी येण्यासाठी लावायची वस्तू होती, तीही शेजारच्या वाड्यातल्या एका धीट मुलीकडून ऐकलेली. त्यामुळे पहिला घोट घेतला तेव्हा तुलना करायला जिभेवर काही नव्हतंच. गडद तपकिरी रंग, भाजल्यासारखी चव, मागून देवदाराच्या डिंकासारखं काहीतरी, आणि त्याच्याही मागे एक ओळखीचा वास, जो नक्की कुठल्या डब्यातला ते आठवेना.

दिवाळी अंकासारखंच आहे हे, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला वर्षातून एकदाच येणाऱ्या, नाव तेच पण आत सगळं नवं असणाऱ्या वस्तूची सवय आहे. अंक हातात आला की आधी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका, आणि चार पानं चाळली की ‘गेल्या वर्षीचा जास्त चांगला होता’ हे वाक्य. नाताळच्या त्या बिअरबद्दल हे वाक्य मी दर हिवाळ्यात कुणा ना कुणा अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐकलं आहे. आणि जुने अंक गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवणारे असतात, तसे जुन्या बाटल्या ठेवणारेही होतेच.

आमचे एक शेजारी त्यातले. निवृत्त सुतार, गॅरेजमध्ये करवती, रंधे आणि मागच्या थंड कोपऱ्यात वर्षावार लावलेल्या बाटल्या. एका संध्याकाळी त्यांनी चार-पाच वर्षांच्या बाटल्या एका ओळीत उघडल्या आणि आम्हाला बोलावलं. बिअर ताजी प्यावी हा सर्वसाधारण नियम. हॉप्सचा वास सगळ्यांत आधी जातो, काही महिन्यांतच. मग मसाले मवाळ होतात. बाटलीच्या पत्र्याच्या झाकणातूनही हवा अगदी थोडी थोडी आत शिरत असते, आणि तिच्यामुळे माल्टची चव मनुकांकडे, खजुराकडे सरकते. दोन-तीन वर्षं जुनी बाटली खरोखरच गोलाईदार झाली होती, कडूपणाची टोकं घासून गेलेली. सगळ्यांत जुन्या बाटलीला मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. हाही त्या हवेचाच परिणाम, आणि बिअरच्या दुनियेत तो दोषच मानतात. शेजाऱ्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि ‘काय मुरली आहे!’ असं म्हणाले. मी मान डोलावली. संग्राहकाच्या घरी जाऊन संग्रहाला नावं ठेवू नयेत.

त्या बिअरमधल्या मसाल्यांवर हयात घालवणारे लोक तिथे आहेत. दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, संत्र्याची साल, देवदाराचे कोंब, अशा याद्या ते करत आणि एकमेकांशी वाद घालत. एका हिवाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या घेत नाहीत, आणि घरात कुणी घेत असेल तर टीव्हीचा आवाज थोडा वाढवतात, एवढाच त्यांचा निषेध. त्या दिवशी मात्र उत्सुकतेने जवळ आल्या.

“काय गं घातलंय यात?”

“कुणालाच माहीत नाही, आई. लोक जायफळ म्हणतात.”

त्यांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला, लांब केला, परत नेला.

“जायफळ नाही हे. जायपत्री आहे. आणि वेलदोडा घातला असेल तर जुना घातलाय.”

नवरा म्हणाला, “आई, एक घोट घेऊन तरी बघ.”

“वासावरून कळतंय तर घोट कशाला?”

त्यांचं बरोबर होतं की चूक, हे पडताळायला मार्ग नव्हता. पण त्यानंतर मी तो वास शोधत राहिले, आणि मला आता त्या बिअरमध्ये जायपत्रीशिवाय काही लागतच नाही. एखाद्या अधिकारी माणसाने नाव घेतलं की जीभ ते मानून चालते. ‘टेस्टिंग नोट्स’ लिहिणाऱ्या मंडळींचा निम्मा व्यवसाय यावरच चालतो, असं माझं मत आहे.

ही वर्षाला एक प्रयोगाची हौस जिच्यातून आली, त्या ब्रुअरीची गोष्ट मात्र प्रयोगापासून सुरू होत नाही. अँकर हे नाव १८९६ चं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत ती जळली, १९२० मध्ये आलेल्या देशव्यापी दारूबंदीत बंद पडली, बंदी उठल्यावर पुन्हा कशीबशी उभी राहिली. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाला, कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयोवातल्या मेटॅग घराण्यातल्या मुलाला, एका उपाहारगृहात कळलं की त्याची आवडती बिअर करणारा कारखाना बंद पडतो आहे. तो बघायला गेला आणि त्याने ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. हा भाग सगळेच हौसेने सांगतात. पुढचा भाग कंटाळवाणा आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. कारखाना अस्वच्छ होता, बिअर वारंवार आंबट निघायची. मेटॅगने सूक्ष्मदर्शक आणला, पुस्तकं वाचली, टाक्या घासल्या, यीस्टवर नजर ठेवली आणि वर्षानुवर्षं एकच बिअर, स्टीम बिअर, पुन्हा पुन्हा तशीच येईल असा प्रयत्न केला. १९७१ मध्ये कुठे ती बाटलीत भरायची त्याची तयारी झाली. नाताळची पहिली बिअर आली १९७५ मध्ये. म्हणजे आधी काही वर्षं तेच ते नीट करण्यात गेली, आणि मग वेगळं काही करायची मुभा त्याने स्वतःला दिली.

स्टीम बिअर हीसुद्धा मुळात हवामानाने घडवलेली वस्तू. लागर जातीच्या यीस्टला थंडी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात सोन्यामागे धावत आलेल्या गर्दीला बिअर हवी होती, लागर करू जाणणारे होते, पण बर्फ नव्हता. तेव्हा त्यांनी ते यीस्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्याच्या गारव्यात, रुंद आणि उथळ उघड्या टाक्यांत, त्याला मानवेल त्याहून जास्त उष्णतेत आंबवलं. जे निघालं त्याचंच पुढे नाव झालं.

जगभर बिअरचे ऋतू असेच नाइलाजातून आलेले आहेत. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच मनाई होती. उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची, आणि ती का नासते हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरांत साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. तिचं नाव मार्चवरूनच मेर्झेन पडलं, आणि शरदात पिंपं रिकामी करायची वेळ यायची तेव्हा सणही होताच. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करतात. तिच्यात यीस्ट घालत नाहीत. उकळलेलं माल्टचं गोड पाणी रात्रभर उघड्या पसरट भांड्यात ठेवतात आणि हवेतलं जे येईल ते येऊ देतात. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जिवाणू जास्त, म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत. अजूनही.

कार्ल फॉन लिंडने १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीच्या मदतीने शीतयंत्र उभं केलं आणि ऋतूची ही सक्ती संपली. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वेगळं केलं आणि उरलीसुरली अनिश्चितताही गेली. आता जुलैतली बिअर आणि डिसेंबरातली बिअर एकच. हे फार मोठं यश होतं, त्याला कमी लेखणाऱ्यांनी नासलेली बिअर कधी प्यायलेली नसते. पण यश मिळाल्यावर आणखी शंभर वर्षांनी लोकांना वाटायला लागलं की काहीतरी हरवलंय. मग ज्या कारखान्यात बारा महिने हवं ते तापमान मिळतं त्याच कारखान्यात फळ्यावर खडूने ‘सीझनल’ असं लिहायची पद्धत आली.

म्हणून आजच्या ‘सीझनल’ बिअरकडे मी थोड्या संशयाने बघते. अमेरिकेत भोपळ्याची बिअर ऑक्टोबरची म्हणतात, पण ती ऑगस्टच्या उन्हातच दुकानात येऊन बसलेली असते. काही ठिकाणी तिच्यात भोपळा नावालाच. चव असते ती भोपळ्याच्या पायमध्ये घालतात त्या दालचिनी-लवंगेची. सणाची घाई विक्रेत्याला असते, भोपळ्याला नसते.

छोट्या घाण्यांच्या प्रयोगांचीही तीच गत. एखाद्या टॅपरूममध्ये दर शुक्रवारी नवी बिअर लागते. मार्शमॅलो आणि खोबऱ्याची काळी स्टाउट, पेरू आणि मिरचीची आंबट बिअर, न्याहारीच्या सीरियलची बिअर. लोक रांगा लावतात, फोटो काढतात, पुढच्या शुक्रवारी पुढची. मीही रांगेत उभी राहिले आहे आणि काही वेळा खूश होऊन परतले आहे. पण वेगळं करणं हे दिसतं तितकं धाडसाचं नसतं. जी बिअर पुन्हा होणारच नाही तिच्याबद्दल ‘या वेळी बिघडली’ असं म्हणणार कोण? साधी, फिकी लागर करणाऱ्याला लपायला जागा नसते. यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही तर तिला लोण्याचा वास येतो किंवा कच्च्या सफरचंदाचा. उकळी नीट झाली नाही तर उकडलेल्या मक्याचा. पाण्यासारख्या रंगाच्या त्या पेयात हे सगळं लगेच नाकात जातं. व्हॅनिला, कोको आणि खोबरं घातलेल्या काळ्या बिअरमध्ये यातलं निम्मं कुणाला कळतही नाही. शिवाय दरवर्षीचा जव वेगळा येतो, हॉप्सचा कडूपणा पिकागणिक बदलतो. तरीही चव तीच ठेवायची, हे जे मोठ्या कारखान्यातले लोक करतात त्याला आपण ‘काय, नेहमीचीच’ म्हणून सोडून देतो. त्यांची बिअर मला फारशी आवडत नाही. पण त्यांचा हात मला मान्य आहे.

याचा अर्थ प्रयोग करू नयेत असा नाही. मेटॅगनेच १९८९ मध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांचा एक जुना प्रश्न होता: माणसाने शेती आधी भाकरीसाठी सुरू केली की बिअरसाठी? निंकासी ही सुमेरियन लोकांची बिअरची देवता. इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातल्या मातीच्या पाट्यांवर तिचं एक स्तोत्र आहे, आणि त्या स्तोत्रात स्तुतीबरोबर जवळजवळ कृतीही आहे. मिगेल सिव्हिल या अभ्यासकाने त्याचं भाषांतर केलेलं होतं. त्यावरून मेटॅगच्या लोकांनी जवाच्या भाकऱ्या भाजल्या, त्या माल्टबरोबर पाण्यात कालवल्या, मध आणि खजूर वापरले. हॉप्स नाहीत, सुमेरियन लोकांना हॉप्स माहीत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या ब्रूअरांनी ती जुन्या चित्रांतल्यासारखी मोठ्या भांड्यातून, लांब नळ्यांनी प्यायली. चव कशी होती याला फार महत्त्व नव्हतं. स्तोत्रात जे लिहिलंय ते खरंच करता येतं का, हा प्रश्न होता आणि तो करूनच सुटणार होता. प्रश्न असलेला प्रयोग आणि नुसताच नवा वास यांच्यातला फरक मला तिथे दिसतो.

पुण्यात मायक्रोब्रुअरी आली ती २००९ मध्ये. देवळालीच्या जुन्या लष्करी छावणीवरून नाव घेतलेली ‘डूलाली’. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर करायला मोकळीक मिळाली आणि गॅरेजमध्ये शिकलेल्या लोकांनीच पुढे तिथली छोटी ब्रुअरी उभी केली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरात बिअर करणं गुन्हाच, आणि प्यायलाही नियमाने परवाना लागतो, जो बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे आपल्याकडचा ब्रूअर घरी चुकत चुकत शिकलेला नसतो. जे चुकायचं ते त्याला धंद्यातच, मोठ्या टाकीत चुकावं लागतं. हे लक्षात घेतलं तर पुण्यातल्या बिअरबद्दल आपण जरा मऊ बोललं पाहिजे.

सुरुवातीच्या उत्साहात आंबा सगळ्यांनीच घालून पाहिला. आंब्याची बिअर हा मोह मला समजतो. पण यीस्ट हा निर्दय प्राणी आहे. त्याला हापूस कळत नाही, साखर कळते. फळाचा रस आंबवायला टाकला की तो गोडवा खाऊन टाकतो आणि मागे उरतो जरासा आंबट, जरासा राळेसारखा वास, ज्याला आंबा म्हणायला बरीच श्रद्धा लागते. म्हणून मग काही जण शेवटी वरून गर किंवा अर्क घालतात, आणि तिथे माझा रस संपतो. जी फळं गोडीवर जगत नाहीत ती या कामाची. जांभळाचा तुरटपणा यीस्ट खात नाही. करवंदाची आंबट धार टिकते. कोकम तर खासच: जर्मनीत लाइपझिगकडे गोझे नावाची एक आंबटसर गव्हाची बिअर करतात, तिच्यात मीठ आणि धने घालतात. मीठ, धने आणि आंबट. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण आपल्याकडे खऱ्या ऋतूचं पेय कुठलं असं मला विचारलं तर मी मायक्रोब्रुअरीचं नाव घेणार नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या खालच्या अंगाला काजूची बोंडं पिकून पडायला लागली की भाट्या लागतात. बोंडं तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आपला आपण आंबू द्यायचा, भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेचं जे येतं तो हुर्राक. पुन्हा गाळला की फेणी होते, ती वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक टिकत नाही. मार्च ते मे, फार तर पहिल्या पावसापर्यंत. त्याच्यावर ‘मर्यादित आवृत्ती’ असं कुणी छापत नाही, कारण मर्यादा घालणारा माणूस नसून बोंडू आहे. लिंबाचं सरबत, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, आणि दुपारची झोप. जूनमध्ये कितीही पैसे द्या, गेला तो गेला.

अँकर गेली ती अशी ऋतूने नाही. मेटॅगने २०१० मध्ये ब्रुअरी विकली. २०१७ मध्ये जपानच्या सापोरोने ती घेतली. २०२१ मध्ये सगळ्या लेबलांचा चेहरामोहरा बदलला, जुने ग्राहक चिडले. २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झालं की यापुढे नाताळची बिअर निघणार नाही, आणि पुढच्याच महिन्यात ब्रुअरीच बंद करत असल्याची बातमी आली. २०२२ ची नाताळची बिअर अठ्ठेचाळिसावी होती. लोक पोट्रेरो हिलवरच्या त्या इमारतीत रांगा लावून शेवटचे पेले पिऊन आले. मी गेले नाही. शेवटच्या दिवशी गर्दी करणाऱ्यांपैकी कितीजण आदल्या वर्षभरात तिथे फिरकले होते, हा प्रश्न मला माझ्यासकट सगळ्यांना विचारावासा वाटला. २०२४ मध्ये चोबानी दह्याच्या हमदी उलुकाया यांनी ती विकत घेतली. नाताळची बिअर परत येईल का, यावर शेजारी अजून आशा धरून आहेत. त्यांच्या कोपऱ्यातल्या बाटल्या आता ते उघडत नाहीत. मला ते पटत नाही. पुठ्ठ्याचा वास यायच्या आत त्या संपवाव्यात.

गेल्या खेपेला पुण्यात आले ती जुलैच्या शेवटी. भाचीने एका छोट्या ब्रुअरीत नेलं. आदल्या वर्षी तिने तिथली जांभळाची बिअर पाठवलेल्या फोटोतून मला दाखवली होती, जांभळ्या फेसाची. त्या फोटोवर मी वर्षभर काढलं होतं. फळ्यावर ‘जांभूळ’ लिहून त्यावर खडूने काट मारलेली होती. भाचीने विचारलं तर ब्रूअर स्वतःच बाहेर आला, तिशीतला, पायात गमबूट.

“नाही हो ताई, यंदा नाही करत. जांभळं पावसात सापडली. पाणचट निघाली, तुरटपणाच नाही.”

“केलीच नाही?”

“छोटी करून बघितली ना, वीस लिटरची. रंग छान आला. चव काहीच नाही. ओतून दिली.”

“मग थोडा अर्क घालून?” भाचीने मुद्दामच विचारलं असावं.

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती हसली. “तसं करायचं तर मग जांभळाची वाट कशाला बघायची? जानेवारीत पण करता येईल.”

मी विचारलं, “आता काय आहे?”

“गव्हाची आहे. ती कायम असते.”

गव्हाच्या त्या जर्मन वळणाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. तो वास यीस्ट स्वतः तयार करतं, आणि ते कुठल्या तापमानाला कसं वागतं यावर दोन्हींचं प्रमाण ठरतं. हात जरा हलला की नुसतं केळं, नाहीतर दवाखान्यासारखी लवंग. त्याने दोन पेले आणून ठेवले आणि तिथेच उभा राहिला, आम्ही काय म्हणतो ते ऐकायला.

“कशी आहे?” मी भाचीला विचारलं, तिने आदल्या वर्षीही प्यायली होती म्हणून.

“गेल्या वर्षी होती तशीच,” ती म्हणाली, आणि तो खूश होऊन आत गेला.